वाकडी

[पहाट. खुराड्याचं दार. पाठीमागं कोंबड्याची बांग.]

दार सरकलं की आधी कोंबडा बाहेर पडतो. त्याच्यामागून कोंबड्या, एकमेकींना ढकलत. चौदा मोजून झाल्या की आजी खाली वाकतात, आत हात घालतात आणि पंधरावी बाहेर काढतात.

हिची मान डावीकडं पिळलेली आहे. एक डोळा आभाळाकडं, दुसरा मातीकडं. आजी तिला वाकडी म्हणतात. बारशाला फार वेळ लागला नसावा.

पाटण तालुक्यातली ही वाडी. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला इथं मानमोडी आली. हिरवट पातळ शिट, पिसं फुगवून कोपऱ्यात बसणं, चोच उघडी टाकून घरघर. बघता बघता खुराडी रिकामी झाली. आजींच्या एकवीसपैकी सहा गेल्या.

हा विषाणूचा रोग. १९२६ साली इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ओळखला गेला, आणि वर्ष-दोन वर्षांत आपल्याकडं राणीखेतला. म्हणून सरकारी कागदावर तो राणीखेत. गावाचं नाव जास्त नेमकं आहे. विषाणू मेंदूपर्यंत पोचलेला असला, तर कोंबडी जगली तरी मान तशीच राहते.

“आत्ती, पुरून टाका, म्हनलं हुतं मी,” शेजारीण अजूनही ऐकवते.

आजींचं उत्तर ठरलेलं. “मान वाकडी हाय. पोट न्हाय वाकडं.”

[जवळून : जमिनीवर ज्वारीचे दाणे. चोच दाण्याच्या दोन बोटं पलीकडं आपटते. पुन्हा. पुन्हा.]

वाकडीला दाणा दिसतो, पण नेम लागत नाही. चुकला की ती घाई करते, घाई केली की मान आणखी पिळते, मग मागं मागं चालत जाऊन कलंडते. दाण्यांच्या गराड्यात उपाशी मरायची ही रीत आजींनी दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन विटांच्या मध्ये एक खोल वाडगा घट्ट बसवला, तिच्या छातीच्या उंचीला. त्यात मक्याचा भरडा आणि कण्या, पाण्यात कालवून. सुटा दाणा चुकतो. कालवलेल्यात चोच कुठंही पडली तरी काहीतरी लागतंच.

पाण्याचं भांडं मात्र उथळ. कोंबडीच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात, आणि वाकडं डोकं खोल पाण्यात गेलं तर वेळेवर वर येईलच असं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ह्यावर औषध नाही. जीवनसत्त्वांच्या कमतरतेनंही मान वळते, आणि ती वेळीच औषध मिळालं तर सुधारू शकते. म्हणून थेंब देऊन पाहिले. मान सरळ झाली नाही. आजींनी बाटली फळीवर ठेवली आणि वाडगा धुवायला घेतला.

[संध्याकाळ. आजींच्या मांडीवर कोंबडी.]

रोज संध्याकाळी ही तपासणी. अंगठा छातीच्या हाडावरून फिरतो. दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक, हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर हिचा वाडगा दुसरंच कुणीतरी संपवतंय. कोंबडी दुखणं लपवते, पिसांच्या फुगाऱ्यात आटलेलं अंग दिसत नाही. मग शेपटीखाली बघायचं. तिला स्वतःची पिसं नीट साफ करता येत नाहीत. शिट चिकटून राहिली की माशी बसते, आणि माशी बसली की अळ्या. कोमट पाणी, जुनं धोतर, आणि शेवटी चुलीतली राख चोळायची, कारण मातीत लोळणंही हिला जमत नाही.

पण खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा बाकीच्या चौदा जणी जड गेल्या.

बरी झालेली कोंबडीही काही काळ विषाणू बाहेर टाकत राहते, म्हणून वाकडी बरेच दिवस पडवीत डालग्याखाली होती. परत सोडली, तर ओळख पुसलेली. कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार ह्याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलेफ शेल्डेरूप-एबे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती नोंदवली. आमच्या मते प्रत्येक सुनेला ती आधीपासून ठाऊक होती. पहिल्याच दिवशी तुऱ्यावर रक्त निघालं. लाल दिसलं की बाकीच्या तिथंच टोचतात. आजींनी हळद थापली. जखमेला तिचा किती उपयोग झाला देव जाणे, लाल रंग तरी झाकला गेला.

मग खुराड्यालगत तारेची जाळी लावली. दिसायचं सगळं, टोचता काही यायचं नाही. पंधरवड्यानं एक म्हातारी काळी कोंबडी जाळीआड हिच्या सोबतीला दिली. काळी भांडखोर नाही, तिला फक्त झोपायला ऊब लागते. आता काळी शेजारी असली की बाकीच्या वाट वाकडी करत नाहीत. रात्री मात्र वाकडी दांडीवर चढू शकत नाही. तिची जागा खाली, तुसावर.

[डालगं. आत अंधार. कोंबडीचा एकच डोळा चमकतो.]

यंदा ती खुडूक बसली. आजींनी खाली नऊ अंडी ठेवली, सगळी काळीची. बसलेली असताना मान थरथरत नाही, हे आम्हीही पाहिलं. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली.

सातव्या दिवशी प्रत्येकाच्या डोळ्यात लासोटाचा, म्हणजे मानमोडीवरच्या लशीचा, एकेक थेंब. लशीची बाटली निदान शंभर डोसांची, आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवायची. सात पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून मागच्या वेळी कुणीच आणली नव्हती. ह्या खेपेला पाच घरांनी अंडी एकाच आठवड्यात बसवली. बर्फाच्या डब्यातून बाटली आणायला शेजारीणच गेली.

[अंगण. ऊन. वाडगा.]

कोंबडी पिल्लांना खायला शिकवते ती चोचीनं दाखवून. वाकडी टुकटुक करते, पिल्लं धावत येतात. ती चोच मारते, चुकते. भरडा वाडग्याबाहेर चहूकडं उडतो.

पिल्लं तोच वेचतात.