मे महिन्यातला नर

(दृश्य: भर दुपार. टिनाच्या शेडवर तुराट्या आणि कुटाराचा जाड थर. खाली जाळीचे पिंजरे.)

वर्धा जिल्हा, मे महिना. पारा ४५ च्या वर. गावातली माणसं दारं लोटून कूलरपुढे पडली आहेत. या शेडमध्ये न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे पाय ताणून जाळीवर आडवे झालेत. आडवा झालेला ससा बरा. मान वर करून तोंडानं धापा टाकणारा, नाकाशी ओला झालेला ससा दिसला की धावपळ करायची.

सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच वाटा, श्वास आणि कान. उकाडा वाढला की कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कान तांबूस दिसतात. पण सशाचं अंग ३९ अंशांच्या आसपास आणि बाहेरची हवा ४५. मग हेच कान उष्णता आत घेऊ लागतात. म्हणून इथल्या काकू दुपारी ओल्या फडक्यानं फक्त कान पुसतात. ससा बुचकळून काढायचा नाही, आणि बर्फाचं पाणी तर नाहीच.

(दृश्य: उन्हातून आलेली काळी पाण्याची नळी. काकू हाताच्या तळव्यावर पाणी घेऊन पाहतात.)

“पहिले पाण्याले हात लावून पाय, मंग चारा टाक,” त्या मुलाला सांगतात. नळीतलं पाणी तापलं की ससा पिणं सोडतो, आणि पिणं सुटलं की खाणंही सुटतं. पिल्लं पाजणाऱ्या मादीचं तर आधी दूध आटतं. चारा टाकायचा तो पहाटे आणि दिवस मावळल्यावर.

पश्चिमेच्या बाजूनं गोणपाट टांगलंय, त्यावर पाणी मारतात. विदर्भाचा उन्हाळा कोरडा, म्हणून ही युक्ती इथं लागू पडते. जूनमध्ये हवा दमट झाली की तेच ओलं गोणपाट काढून टाकायचं. नाही तर शेडमध्ये नुसती घुसमट आणि मुताचा उग्र वास.

आता नराकडे या. बहुतेक शेडमध्ये गाभण मादीला सावलीचा कोपरा मिळतो आणि नर पत्र्याखाली कडेला तापत असतो. खरं तर उन्हाचा फटका त्याला खोल बसतो. नराचं बीज तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. मे महिन्यात ते बिघडलं की बाहेरून काही कळत नाही. नर खातो, पितो, जुलैत मादीवर चढतोही. बारा-चौदा दिवसांनी मादीचं पोट अलगद चाचपलं तर बोराएवढ्या गाठी लागायला हव्यात. हाताला काहीच लागत नाही. दोष लगेच मादीच्या माथी. (ही रीत आपल्याकडे सशांपुरती नाही.)

त्यामुळे इथं सगळ्यात थंड कोपरा नराचा. पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवतात, तो तिला अंग लावून बसतो.

मादी फळवायची ती महाशिवरात्रीच्या आसपास शेवटची. नेहमी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. मादीच्या पिंजऱ्यात नर सोडला तर ती त्याला ओरबाडते. सुमारे ३१ दिवसांनी ती विते, आणि मेच्या तोंडाशी पिल्लं दुधावरून सुटतात. एखादी उशिरा व्यायलीच, तर विण्याच्या पेटीतली, मादीनं स्वतःच्या अंगाची उपसून अंथरलेली लव थोडी कमी करतात आणि पेटीला खालून जाळी बसवतात. नाही तर भर उन्हाळ्यात ती ऊबच पिल्लांना मारते.

रानातला ससा मात्र वेगळा प्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला धरणं, पाळणं गुन्हा आहे. हेही सांगायला हवं, कारण दोघांनाही आपण ससाच म्हणतो.

(दृश्य: जुलै. ओलं अंगण. काकू एका मादीचं पोट चाचपताहेत.)

पावसाळ्यातल्या पहिल्या खेपेला मादी रिकामी निघाली, तर ती विकायला काढू नका. तिला दुसऱ्या नराकडे न्या. जुन्या नराला ऑगस्टपर्यंत थांबू द्या, आणि मग पुन्हा पाहा.