एका बाजूचा डोंगर

पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जाताना आपण डोंगर चढतोय असं कधी वाटतं का? पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आणि लोणावळा साधारण 620 मीटरवर. साठ-पासष्ट किलोमीटरांत साठेक मीटर चढ, म्हणजे नसल्यासारखाच. लोणावळा सोडलं की मात्र कर्जतपर्यंत गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते. बोरघाटातला रेल्वेचा चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे, म्हणून कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. सह्याद्री हा डोंगर कोकणातून आहे. देशावरून पाहिलं तर ती पठाराची तुटलेली कड आहे.

हिमालयाचं तसं नाही. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला धडकला, मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चेपला, दुमडला आणि वर आला. गंडकीतले शाळिग्राम हे त्या समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म. ती रेटारेटी आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटरने चालू आहे. सह्याद्रीत अशी एकही घडी सापडत नाही. राजमाचीवरून समोरचा कडा पाहा, थर पोळ्यांच्या चवडीसारखे आडवे आहेत.

हे थर लाव्हाचे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून तो वाहिला, आणि झीज होऊनही आज 5 लाख चौरस किलोमीटर एवढा मुलूख त्याखाली आहे. घाटरस्त्याच्या कापात एक थर जवळून बघता येतो. मधला भाग घट्ट काळा पाषाण, थंड होताना आकसल्यामुळे उभ्या भेगा पडलेला. वरचा भाग सच्छिद्र, कारण वायूचे बुडबुडे वर चढून तिथेच अडकले. त्या छिद्रांत पुढे पांढरी झिओलाइट खनिजं भरली. विहीर खणणारे या सच्छिद्र खडकाला मांजऱ्या म्हणतात, आणि मांजऱ्या लागला की त्यांना हुरूप येतो, पाषाण लागला की तोंडं उतरतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे वीतभर ते हातभर तांबडी पट्टी दिसते. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुजलेल्या खडकाची ती माती, वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघालेली.

मग कडा आला कुठून? लाव्हा ओतला जात होता त्याच सुमारास पश्चिमेकडची जमीन फाटली. आजची सेशेल्स बेटं त्या बाजूच्या तुकड्यातली. फाटलेली कड वर उचलली गेली आणि तेव्हापासून ती पूर्वेकडे झिजत मागे सरकते आहे. पद्धत साधी. पावसाचं पाणी उभ्या भेगांतून आत शिरतं, खालच्या तांबड्या पट्टीवर अडतं, ती मऊ पडून पोखरली जाते, आणि वरच्या पाषाणाचा खांब आधार सुटून कोसळतो. त्यामुळे कडा झिजून निमुळता होत नाही, उभाच राहून मागे हटतो. माथेरान, प्रबळगड ही या हटण्यात मागे राहिलेली बेटं. त्यांचे थरही असेच आडवे आहेत.

कड अशी पश्चिमेला असल्याने पाण्याची वाटणी विचित्र झाली आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्राला मिळते. तिथेच उगम पावणारी कृष्णा, तोच समुद्र सरळ रेषेत 65 किलोमीटरवर असताना, 1400 किलोमीटरची वाट तुडवत बंगालच्या उपसागराला जाते. मुळशीचं पाणीही खरं तर मुळा, भीमा, कृष्णा असंच गेलं असतं. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. खोपोलीचं वीजघर 1915चं, त्याचं तत्त्वही हेच: पठाराच्या अगदी काठावर धरण बांधायचं आणि काठाखाली टर्बाइन. असा भूगोल आयता मिळाल्यावर कोण सोडेल!

पावसाचंही काठावरच ठरतं. समुद्रावरचा ओला वारा कड्याला थडकून वर चढतो, थंड होतो आणि घाटमाथ्यावर रिकामा होतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; पुण्याला सातशेच्या आसपास. खाली भात आणि नाचणी, इकडे ज्वारी आणि बाजरी. मुंबईत 'घाटी' म्हणून हिणवतात, ते याच रेषेवरून.

आता दरडींविषयी, कारण कातळावर पाणी अडतं ही गोष्ट इथे जिवावर बेतते. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. कातळ तिथेच राहतो, घसरते ती त्याच्यावरची माती आणि मुरूम. दिवसेंदिवस मुसळधार पावसात हा थर पाण्याने फुगतो, जड होतो आणि त्याची खालची पकड सुटते. उतारावर सपाटीकरण करून मूळचे ओहोळ बुजवले की पाण्याला आत मुरण्यावाचून वाट राहत नाही. खुणा आधी दिसू शकतात: उताराच्या वरच्या अंगाला जमिनीत आडवी भेग, झाडं आणि विजेचे खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक घट्ट बसणं, नितळ झऱ्याचं पाणी गढूळ होणं. भर पावसात वाहता ओढा एकाएकी आटला, तर वर कुठेतरी माती आडवी आली आहे असं धरायचं. अशा वेळी सामान आवरत बसू नये, आणि ओढ्याच्या वाटेने खाली पळू नये. राडा त्याच वाटेने येतो. आडवं, बाजूच्या उंच सोंडेवर जायचं.