अप्लाइड स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करायचंय? मग थिअरीला घाबरू नका

नमस्कार मंडळी! बीएस्सीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "दादा, साधं स्टॅटिस्टिक्स घेऊ का अप्लाइड? अप्लाइडला गणित कमी असतं ना?" या 'ना'साठीच आजचा व्हिडिओ आहे.

आधी माहितीचं उरकून घेऊ. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात एमएस्सी स्टॅटिस्टिक्स आहे, तसंच अप्लाइड स्टॅटिस्टिक्स अँड इन्फॉर्मेटिक्स हाही अभ्यासक्रम आहे. दोन्ही दोन वर्षांचे, चार सेमिस्टरचे. दुसऱ्यात कॉम्प्युटरचा भाग जास्त. जागा, फी, प्रवेशाचे नियम हे त्या त्या वर्षीचे विद्यापीठाच्या साइटवरच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता मुद्द्याचं. शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारा कारखाना, डोळ्यासमोर आणा. रोज 400 कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, तपासली जातात आणि सरासरी 4 टक्के रिजेक्शन आहे, म्हणजे दिवसाला 16 नग. मंगळवारी 22 नग बाद झाले. सुपरवायझर तापला, मोल्डिंगच्या पोरांना बोलला, साच्याच्या वाळूतलं पाणी कमीजास्त करायला लावलं. बुधवारी 14 नग निघाले. झालं! सगळ्यांची खात्री पटली, की बोललं की सुधारतं.

(स्क्रीनवर: 400 × 0.04 × 0.96 = 15.36)

हे गणित माझ्याबरोबर करा. बायनॉमियलचा, म्हणजे 'बाद की पास' अशा मोजणीचा, व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप): नग गुणिले बाद होण्याचं प्रमाण गुणिले पास होण्याचं प्रमाण, 15.36. त्याचं वर्गमूळ साधारण 3.9. त्याच्या तिप्पट पावणेबारा. म्हणजे 16च्या खाली 4 पर्यंत आणि वर 28 पर्यंत, एवढ्या पट्ट्यात आकडा फिरत असेल, तर कारखान्यात काही बिघडलंय असं म्हणायला आधार नाही. 22 नग बाद होणारे दिवस महिन्यात एकदोन येणारच, कुणाचीही चूक नसताना. आणि अशा दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा बरा जातोच, कुणी बोललं तरी आणि नाही बोललं तरी. उलट वाळू चांगली असताना तिच्यात हात घातला, तर खरा बिघाड त्यातूनच सुरू होऊ शकतो. अशा वरच्या-खालच्या मर्यादा आखून रोजचा आकडा ज्यावर मांडतात, त्या आलेखाला कंट्रोल चार्ट म्हणतात. वॉल्टर शूहार्टनं 1924 साली तो मांडला, आणि आजही तो शिकलेल्या माणसाला कारखान्यात किंमत आहे.

इथपर्यंत कुणीही म्हणेल, यात थिअरी कुठं आली? सॉफ्टवेअरला आकडे दिले की चार्ट काढून मिळतो.

थांबा. 15.36 हा आकडा आला कुठून? प्रत्येक नग बाद होणं न होणं हे बाकीच्या नगांवर अवलंबून नाही, असं आपण धरलं म्हणून आला. फाउंड्रीत ते खरं असतं का? धातू लॅडलमधून, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेणाऱ्या भांड्यातून, ओततात. एखाद्या लॅडलमधला धातू थंड पडला, तर त्यातून भरलेले साचे एकदमच बिघडतात, पाचदहा नगांना एकाच वेळी कोल्ड शट येतो, म्हणजे थंड धातू नीट न जुळून सांधा राहतो. नग एकमेकांना बांधलेले आहेत. पहिल्या सेमिस्टरला आपण सिद्ध करतो, की बेरजेचा व्हेरियन्स म्हणजे सगळ्या व्हेरियन्सची बेरीज अधिक कोव्हेरियन्सच्या (दोन गोष्टी एकत्र किती बदलतात त्या मापाच्या) दुपटी. ही शेवटची पदं इथं शून्य नाहीत, धन आहेत. म्हणजे खरा व्हेरियन्स 15.36 पेक्षा मोठा, आपल्या मर्यादा नको तितक्या अरुंद, आणि चार्ट विनाकारण बोंब मारणार. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, कारण लॅडलचा रकाना त्याला कुणी दिलेलाच नसतो. ज्यानं ती सिद्धता स्वतःच्या हातानं वहीत लिहिली आहे, त्यालाच ही शंका येते. म्हणून सांगतो, अप्लाइडला थिअरी कमी लागत नाही. ती रोज लागते.

पुराचं तेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असं ऐकलं की वाटतं, आता आपल्या हयातीत नाही. पण दरवर्षी 1 टक्का शक्यता धरली, तर 30 वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के होते. घराच्या कर्जाचे हप्ते फिटेपर्यंतच्या काळात चारात एक! आणि हा हिशेबही कशावर उभा आहे? प्रत्येक वर्ष स्वतंत्र आणि पावसाची तऱ्हा तीच, या धरून चाललेल्या गोष्टींवर. 2019 आणि 2021 चे दोन्ही पूर ज्यांनी पाहिले, त्यांनी तरी हे गृहीतक तपासल्याशिवाय पुढं जाऊ नये.

या विषयात कोल्हापूरचं एक नाव फार मोठं आहे, आणि आपल्याच पोरांना ते माहीत नसतं याची खंत वाटते. वसंत शंकर हुजूरबाजार. जन्म 1919, कोल्हापूर. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी केली, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, 1974 साली पद्मभूषण. एस्टिमेशन, म्हणजे नमुन्यावरून अंदाज बांधणं, शिकताना त्यांचं नाव भेटलं, तर क्षणभर थांबा.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, रिझर्व्ह बँकेत संख्याशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी वेगळी अधिकारी भरती निघते, शिकवायचं असेल तर सेट-नेट या पात्रता परीक्षा. खासगीत बँकांचे रिस्क विभाग आणि औषधांच्या क्लिनिकल ट्रायलचं काम. मुलाखतीत टूल किती येतात हे विचारतातच, पण त्यानंतरचा प्रश्न "हीच टेस्ट का लावली?" असा असतो, आणि बरेच जण तिथं अडतात.

प्रवेश घ्यायच्या आधी सुट्टीत मॅट्रिक्स आणि इंटिग्रेशन पक्कं करा, हातानं सोडवून. आर किंवा पायथन, यातली एक प्रोग्रॅमिंग भाषा सोबत चालू राहू दे.

आणि प्रोजेक्टला नेटवरचा तयार डेटा घेऊ नका, कळकळीनं सांगतो. गावातल्या दूध संस्थेत जा, फॅट कोण मोजतं, रजिस्टर कोण भरतं ते उभं राहून बघा. कारखान्यात जाणार असाल तर परवानगीचं पत्र तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच द्या, उत्तर यायला वेळ लागतो. आणि डेटा मागताना नुसती रोजची बेरीज मागू नका. शिफ्ट, हीट नंबर (भट्टीतल्या त्या वितळीचा नंबर) आणि लॅडल, हे तिन्ही रकाने लेखी मागा.