वावडीवरचा वारा, शिडातला वारा

नमस्कार श्रोतेहो.

माझं बालपण साताऱ्यातल्या माण तालुक्यात गेलं. समुद्र पाहिला तो नौदलात भरती झाल्यावर, मुंबईला. पण वारा ओळखायला शिकलो त्याच्या कितीतरी आधी, आमच्या खळ्यावर.

शाळूची मळणी झाली की आबा उपणायला, म्हणजे दाण्यातलं भुसकट वाऱ्यावर उडवायला, वावडीवर, त्या उंच तिवईवर चढायचे. पाटी भरलेली, तरी ओतायची घाई नाही. आधी चिमूटभर भुसकट सोडून बघायचे. पायाशीच पडलं तर थांबायचे. वारा बेताचा असला की पाटी उंच धरून बारीक धार सोडायचे. जोर वाढला की हात खाली आणायचे, नाहीतर भुसकटाबरोबर दाणाही उडून जायचा. पुढं होडीत माझ्या हातात पाटीऐवजी शिडाची दोरी आली, एवढंच.

1805 च्या सुमारास ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट या अधिकाऱ्यानं वाऱ्याला शून्यापासून बारापर्यंत आकडे लावले. सुरुवातीला त्यात वेग नव्हता. अमुक वाऱ्यात लढाऊ जहाज किती शिडं पेलेल, यावरून जोर ठरायचा. आजच्या हिशोबात तिसरा वारा ताशी 12 ते 19 किलोमीटरचा. झाडाची पानं सतत हलतात, पाण्यावर कुठंकुठं फेसाचे तुरे दिसतात. चौथा 20 ते 28 चा. धूळ उठते, कागद उडतात, पांढरे तुरे बरेच होतात. नवख्यानं छोटी होडी इथंच आवरावी, आणि पाचव्यात, म्हणजे लहान झाडं डोलायला लागली की, पाण्यात घालूच नये. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, हे मनात पक्कं ठेवा.

मी ते एकदा विसरलो. वारा पाठीशी होता, होडी सुसाट, आणि अंगाला मात्र झुळूकच लागत होती. वारा बारा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर) आणि होडी पाच नॉटनं त्याच्याच दिशेला चाललेली असली, तर आपल्याला जेमतेम सात नॉट जाणवतात. मी बेफिकीर झालो, शिडाची दोरी खुंटीला बांधली आणि परतायला होडी वळवली. आता तोच वारा अंगावर आला. दोरी सोडवेपर्यंत डोलकाठी पाण्याला टेकली होती. तेव्हापासून छोट्या होडीत ती दोरी मी कधी बांधली नाही. ती हातातच हवी.

शीड किती ओढायचं? दोरी सैल सोडत जा. शिडाची डोलकाठीकडची कड फडफडायला लागेल. आता फडफड थांबेल इतकीच ओढा. त्यापुढं ओढलं की होडी कलते, जोर आल्यासारखा वाटतो, पण वेग पडतो. नवख्यांना या कलण्याचीच भूल पडते. वारा वाढला तर शीड ताणून सपाट करा, फुगीर ठेवू नका. तरीही होडी आवरेना, तर शीड खालून गुंडाळून लहान करा. हे काम किनारा सोडण्यापूर्वीच केलेलं बरं. उसळत्या पाण्यात फार अवघड जातं.

साताऱ्याला समुद्र नाही, पण कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. डोंगरातल्या पाण्यावर वारा एकसारखा वाहत नाही, खिंडीखिंडीतून झोतानं उतरतो. बामणोलीला गेलात तर काठावर थोडा वेळ बसा. दूर पाण्यावर एखादा काळसर चट्टा उठेल आणि तुमच्याकडे सरकत येईल. तोच झोत. तो दिसल्यापासून तुमच्या तोंडाला लागेपर्यंत आकडे मोजा. होडीतल्या माणसाला दोरी सैल करायला तेवढाच वेळ मिळतो.