जाळं, वादळ आणि कोळशाचा विस्तव: येशूचे किनाऱ्यावरचे चमत्कार

मंडळी, उत्तनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या चर्चमध्ये मासळीच्या चमत्काराचं वाचन होतं, तेव्हा जाळं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण येशूने हे चमत्कार जिथे केले, ते गालीलचं पाणी आपल्यासारखं नाही. नाव ‘समुद्र’ असलं तरी ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, सुमारे 21 किलोमीटर लांब आणि 13 किलोमीटर रुंद. त्याची पातळी समुद्रसपाटीच्या 200 मीटरहून जास्त खाली. भोवती डोंगर असल्यामुळे वारा उतारावरून अचानक कोसळतो. 1986 साली पाणी ओसरल्यावर तिथल्या चिखलात साधारण येशूच्या काळातली एक होडी सापडली. तिची लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी जेमतेम सव्वादोन. वादळात अशी होडी भरायला किती वेळ लागणार, हे होडी हाकणाऱ्या तांडेलाला विचारा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पाचव्या अध्यायात पेत्र नावाचा कोळी आणि त्याचे सोबती जाळी धूत आहेत. तेव्हाची जाळी अळशीच्या धाग्याची. धुऊन वाळवली नाहीत तर कुजायची, आणि दिवसा माशांना दिसायची, म्हणून मासेमारी रात्रीची. रात्र फुकट गेली आहे आणि जाळी धुऊन झाली आहेत, अशा वेळी सुताराच्या घरातला माणूस म्हणतो, खोल पाण्यात चला. धंद्याच्या हिशेबाने हा सल्ला उलटा आहे. पेत्र तसं बोलूनही दाखवतो आणि तरी जाळी सोडतो. जाळी फाटू लागतात, दुसरी होडी बोलवावी लागते, दोन्ही होड्या बुडायला येतात. आणि पेत्राला आनंद होत नाही, तो घाबरतो. ‘प्रभो, माझ्यापासून जा, मी पापी आहे’ असं म्हणतो. मग किनाऱ्याला लागून ते सगळं सोडून निघतात. एवढ्या मासळीचं पुढे काय झालं, लूक सांगत नाही.

काही जण म्हणतात, यात नवल काय, थवा किनाऱ्यावरून दिसला असेल. किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीच्या वेळी पाण्याचा रंग आणि पक्ष्यांची झेप बघून अंदाज बांधतातच. असेलही. पण लूकचं लक्ष थव्याकडे नाही, शब्द ऐकून जाळं सोडणाऱ्या माणसाकडे आहे.

येशू वादळ शांत करतो, त्या कथेची किल्ली बायबलच्या जुन्या करारात आहे. स्तोत्र 107 मध्ये खवळलेला समुद्र देव शांत करतो, ईयोबाच्या पुस्तकात लाटांवरून चालतो तोही देवच. म्हणून मार्कच्या शुभवर्तमानातल्या कथेत वारा पडल्यावर शिष्यांचा प्रश्न असतो, ‘हा आहे तरी कोण?’

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय, माझ्या मते या सगळ्यात श्रेष्ठ. पुनरुत्थानानंतर सात शिष्य पुन्हा मासेमारीला जातात, पुन्हा रात्र रिकामी. पहाटे किनाऱ्यावरून एक जण सांगतो, उजव्या बाजूला टाका. मासे 153, तेही मोठे, आणि या वेळी जाळं फाटत नाही. या आकड्याचे अर्थ लावण्यात शतकं गेली. मोजून वाटे करायचे म्हणून कोळ्यांनी आकडा लक्षात ठेवला, एवढंही पुरेसं वाटतं. होडी किनाऱ्यापासून दोनशे हातांवर असताना पेत्र अंगरखा कमरेला बांधून पाण्यात उडी टाकतो. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. म्हणजे न्याहारीची सोय यांची मासळी येण्याआधीच झाली होती, तरी येशू म्हणतो, तुमचीही थोडी आणा. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव याआधी एकदाच येतो, महायाजकाच्या अंगणात, जिथे पेत्र शेकत उभा होता, आणि त्याच रात्री त्याने येशूला तीनदा नाकारलं. इथे खाणं झाल्यावर त्याला तीनदा विचारलं जातं, माझ्यावर प्रेम करतोस का? चमत्कार इथे पूर्ण होतो.

आपल्याकडच्या आख्यायिका या मापाने बघाव्यात. सेंट फ्रान्सिस झेवियरचा समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिला, अशी इंडोनेशियातल्या मालुकू बेटांकडची कथा आहे. पाठीवर क्रुसासारखी खूण असलेली कुर्ली आपल्या बाजारातही दिसते. ती खूण त्या जातीची नैसर्गिक नक्षी आहे, कथेचा पुरावा नव्हे. अशा गोष्टी मानण्याची सक्ती चर्च करत नाही. मे 2024 मध्ये व्हॅटिकनने काढलेल्या नियमांनुसार ‘हे अलौकिकच आहे’ असा निकाल बिशप सहसा देत नाहीत. भक्तीला हरकत नाही एवढं सांगतात, किंवा सावध करतात, किंवा मनाई करतात.

शेवटी होडीच्या आशीर्वादाबद्दल. तीर्थ शिंपडलं की जाळं भरणार, अशी काहींची समजूत असते. जहाजासाठीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत मासळीचं नाव नाही. पाण्यावर चालणाऱ्या पेत्राला जसा हात दिलास तसा यांना दे आणि सुखरूप बंदराला लाव, एवढंच मागणं आहे. लाइफजॅकेटं खलाशांइतकी आहेत का, वायरलेस चालतो का, हे तांडेलाने त्याच दिवशी तपासून घ्यावं.