सर्व्हर गप्प, क्लायंट ताटकळलेला

(पडद्यावर टर्मिनल. ‘डीएफ’ टाइप होतं. कर्सर तिथेच लुकलुकतो.)

डिस्कवर जागा किती उरली, एवढंच विचारलं होतं. पण ‘डीएफ’ एकेका माउंटची, म्हणजे जोडलेल्या साठ्याची, चौकशी करत पुढे सरकतं, आणि त्यातल्या एका एनएफएस माउंटचा (नेटवर्कवरून जोडलेल्या, दुसऱ्या यंत्रावरच्या साठ्याचा) सर्व्हर उत्तर देईनासा झालाय.

हा बिघाड नव्हे. माउंट ‘हार्ड’ आहे, आणि हार्ड माउंट सर्व्हर परत येईपर्यंत थांबतं. ‘टाइमिओ’ म्हणजे उत्तराची किती वाट पाहून पुन्हा विचारायचं, ती मुदत. टीसीपीवर तिची नेहमीची किंमत 600, म्हणजे 60 सेकंद; एकक सेकंदाच्या दहाव्या भागाचं. पाच सेकंद समजून 5 लिहिणारे पुष्कळ. प्रत्यक्षात अर्धाच सेकंद मिळतो आणि सर्व्हर जरा मंदावला की तक्रारींनी लॉग भरून जातो.

मग ‘सॉफ्ट’, म्हणजे काही प्रयत्नांनंतर चूक दाखवून नाद सोडणारं माउंट, लावून मोकळं व्हावं? लिहिण्याच्या माउंटवर मुळीच नको. प्रोग्रॅमचं लिखाण आधी क्लायंटच्या मेमरीत जातं आणि ‘झालं’ असं उत्तर मिळतं. सर्व्हरपर्यंत ते पोचलं नाही, हे कळतं ‘एफसिंक’ने लिखाण पक्कं करताना किंवा ‘क्लोज’ने फाइल बंद करताना, आणि तिथली चूक न तपासणारे प्रोग्रॅम कमी नाहीत. फाइल अर्धवट राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त वाचायच्या माउंटवर सॉफ्ट एक वेळ चालेल.

(पडद्यावर ‘पीएस’ची, म्हणजे चालू प्रोसेसची यादी. स्थितीच्या रकान्यात ‘डी’, ‘डी’, ‘डी’.)

‘डी’ म्हणजे उत्तराची वाट पाहत अडकलेली प्रोसेस. लोड, म्हणजे खोळंबलेल्या कामांचा आकडा, शंभरावर, सीपीयू मात्र रिकामा: अडकलेल्या प्रोसेस लोडमध्ये मोजल्या जातात. माउंट कुठलं, ते ‘/प्रॉक/माउंट्स’मध्ये पाहा, ती फाइल वाचायला सर्व्हरची गरज पडत नाही. यंत्र जिवंत आहे का, एवढंच विचारणाऱ्या पिंगवर विसंबू नका. पिंग येतं, एनएफएसचं 2049 पोर्टही उघडं दिसतं, तरी सर्व्हरचे विनंत्या हाताळणारे सगळे एनएफएसडी थ्रेड मंद डिस्कवर अडकलेले असू शकतात. ‘आरपीसीइन्फो’ने एनएफएसला रिकामी विनंती धाडा, तिला उत्तर आलं, तर निदान एक थ्रेड मोकळा आहे.

सर्व्हर परतला की अडकलेली कामं आपोआप पुढे सरकतात. एनएफएसची आवृत्ती 4 असेल तर लिनक्स सर्व्हर सहसा पहिले 90 सेकंद जुनी लॉक (फाइलींवरचे राखीव हक्क) परत देण्यासाठी राखून ठेवतो; नवं लॉक तोवर मिळत नाही. एवढ्यात धीर सोडून सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केलात, की ते 90 सेकंद पहिल्यापासून सुरू.

तो परतणारच नसेल, तर आधी ‘किल -9’ने प्रोसेस मारा, मग ‘यूमाउंट -एफ’ने माउंट जबरीने काढा, प्रसंगी दोनतीनदा. लटकलेल्या विनंत्या चूक दाखवून सुटतात. ‘यूमाउंट -एल’ सर्वांत शेवटी. ते माउंट नजरेआड करतं, अडकलेली प्रोसेस मात्र तशीच राहते, आणि ‘-एफ’ चालवायला जागाच उरत नाही.

दर मिनिटाला ‘डीएफ’ चालवणारी देखरेखीची स्क्रिप्ट असेल, तर दर मिनिटाला एक प्रोसेस अडकत जाते. त्याऐवजी पाच सेकंदांनी सक्तीने मारणारं ‘टाइमआउट -एस किल 5’ लावून त्या एकाच माउंटवर ‘स्टॅट’ चालवा. साधा टाइमआउट ‘टर्म’, म्हणजे थांबण्याची विनंती, पाठवतो. अशा अवस्थेत भरवसा ‘किल’चाच.