रिकामा ग्लास

(इंदूरमध्ये शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पोहे-जलेबी झाली आहे, डोळे जड होणार हे मी धरूनच चाललेय. म्हणून वजनापासूनच सुरुवात करते.

घरातली 10 बाय 10 ची खोली घ्या, छतही 10 फुटांवर. तिच्यातली हवा किती भरेल? मुलं म्हणतात, 'काहीच नाही.' फार तर 'पाव किलो.' आपल्या इंदुरात ती 30-31 किलो भरते, म्हणजे चौथी-पाचवीतलं एक पोर. मुंबईत त्याच खोलीत दीड-दोन किलो जास्त, कारण आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहोत आणि इथली हवा जरा विरळ आहे.

पण हा आकडा मूल पाठ करेल आणि विसरेल. तोलायचं कसं? काठीच्या दोन टोकांना फुगे बांधून एक फोडायचा, हे आपण सगळ्यांनीच केलंय. मला तो प्रयोग पटत नाही. पाण्याने भरलेली पिशवी हौदात बुडवली की हाताला जड लागते का? तसंच फुग्याचं. रबराने दाबून जी चिमूटभर जास्तीची हवा आत कोंबलेली असते, तेवढीच काठीला जाणवते. त्यापेक्षा फुटबॉल घ्या. गोल दिसेल इतपतच हवा ठेवून एकदा तोला, मग पंपाने टणक भरून पुन्हा तोला. चार-पाच ग्रॅम वाढतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे काका सराफ्यात बसतात, त्यांच्या काट्यावर आम्ही हे केलं. काका म्हणाले, 'बाई, हवेचा भाव काय लावू?'

करून बघण्याची ही रीत आपल्या मध्य प्रदेशाला नवी नाही. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत विज्ञान असंच शिकवायला सुरुवात झाली होती, साध्या सामानातून, मुलांच्या हातांनी. 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. असो, त्यावर बोलायला बसले तर हवा राहून जाईल.

आता मेणबत्ती. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी आत चढतं. आपण सांगतो, 'प्राणवायू जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली. पाणी पाचवा हिस्सा चढलं, म्हणून हवेत प्राणवायू पाचवा हिस्सा.' मीही कित्येक वर्षं हेच फळ्यावर लिहिलं. एका मुलाने विचारलं, 'बाई, मग ज्योत जळत असताना पाणी हळूहळू का नाही चढत? विझल्यावर एकदम का चढतं?' मी त्याला गप्प बसवलं. घरी गेले आणि ओट्यावर स्वतः करून बघितलं. पोराचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच, पण पाणी जास्त चढलं. ग्लास ठेवताना काठाकडे बघा, बुडबुडे निघतात. तापून फुगलेली हवा तिथून बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत रेटतो. प्राणवायू खर्च होतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, शिवाय सगळा प्राणवायू संपायच्या आतच ज्योत विझते. पाचवा हिस्सा हा योगायोग. हवेत प्राणवायू 21 टक्के आहे हे खरंच आहे, फक्त ते या ताटलीतून सिद्ध होत नाही.

तो मुलगा नंतर स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. 'बाई, परीक्षेत काय लिहू?'

मी म्हटलं, 'जे बघितलंस ते लिही. तीन मेणबत्त्यांचंही लिही. मार्क कापले तर पेपर घेऊन माझ्याकडे ये.'

आला होता.